झाकण लावल्यानंतरचं वजन

मित्रांनो, माझ्या दांडीवर वजन-तपासणीची शेवटची सरकारी मुद्रा २०१४ साली उठली. त्यानंतर मी जुना झालो. मी भंडाऱ्याच्या एका पितळी भांड्यांच्या दुकानातला लोखंडी काटा आहे. दोन बाजूंना दोन पारडी, मधे दांडी आणि दांडीच्या मध्यावर समोरासमोर आलेल्या दोन चोची. चोची एका रेषेत आल्या की वजन बरोबर. नाही आल्या तर नाही. यापलीकडे मला काही येत नाही.

मी गोड स्वभावाचा नाही, हे आधीच सांगून टाकतो. ज्यांना वजन कमी भरायला हवं होतं त्यांना मी जास्त दाखवलं आणि ज्यांना जास्त हवं होतं त्यांना कमी. माझ्यासमोर उभं राहून हसलेली माणसं मला फारशी आठवत नाहीत. कपाळाला आठ्या घालून वाकलेली बरीच आठवतात.

ओतीव लोखंडाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. १९९९ च्या मे महिन्यात गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्याच महिन्यात बाबूलाल नावाच्या दुकानदाराने मला नागपुरात विकत घेतलं आणि एसटीच्या टपावर बांधून भंडाऱ्याला आणलं. मला फळीवर ठेवताना तो म्हणाला होता, "जिल्हा अर्धा झाला, काटा तं पुरा पायजे."

पंधरा वर्षं मी पुरा राहिलो. पितळ वजनावर विकलं जातं. पाण्याचे गुंड, तांबे, परात, समया, सगळं माझ्या पारड्यातून गेलं. बाबूलाल सकाळी दोन्ही पारडी फडक्याने पुसायचा आणि गिऱ्हाइकाला आधी रिकामा काटा दाखवायचा. चोची जुळलेल्या पाहिल्या की मगच भांडं ठेवायचा. सानगडीचा एक वरपिता एकदा तावातावाने बाजूच्या तीन दुकानांत जाऊन तीच परात तोलून आला. परत आला आणि परात घेऊन गेला. माझ्या वाट्याला आलेली सगळ्यात मोठी शाबासकी तीच.

२०१४ साली दुकानात विजेचा काटा आला. लाल आकडे दाखवणारा, हलका. मला जिन्याखाली ठेवलं. माझ्यावर जुनी पोती पडली, पालीने एका पारड्यात अंडी घातली. दोन वर्षांनी बाबूलाल वारला. स्टीलच्या आणि प्लास्टिकच्या राज्यात पितळेचं गिऱ्हाईक आटत गेलं. बाबूलालचा मुलगा चंदन नागपूरला नोकरीला लागला आणि फक्त रविवारी घरी येऊ लागला. दुकानात उरल्या दोघी. बाबूलालची बायको दुर्गाबाई आणि चंदनची बायको दामिनी.

दामिनीने २०२१ साली इंटरनेटवरच्या एका मोठ्या बाजारात आपल्या दुकानाचं पान उघडलं. भांड्यांचे फोटो, माप, वजन, पोचण्याचे दिवस. पुण्याचे, नाशिकचे, सुरतेचे लोक मागणी नोंदवू लागले. तुलाराम आणि आणखी दोन कारागीर, ज्यांनी हातोड्या गुंडाळून ठेवल्या होत्या, ते पुन्हा ठोक्याचे तांबे घडवू लागले. तिघांचं काम त्या एका पानावर चालत होतं.

त्या बाजाराचा नियम कडक होता. नव्वद दिवसांत तीन वेळा माल उशिरा निघाला तर पान बंद. उशीर कुणामुळे झाला, हे तिथे कुणी विचारत नाही. शेरा विकणाऱ्याच्या नावावर लागतो.

पहिला शेरा लागला १७ नोव्हेंबर २०२३ ला. भाऊबीज होऊन दोनच दिवस झाले होते. आपल्या झाडीपट्टीत, म्हणजे या पूर्व विदर्भात, त्या दिवसांत गावोगाव मंडई भरते, नाटक-तमाशाची जत्राच ती, आणि प्रत्येक गावाची मंडई वेगळ्या दिवशी. माल न्यायला येणारा गाडीवाला श्रावण शुक्रवारी मोहाडीच्या मंडईत होता, शनिवारी सासुरवाडीच्या आणि रविवारी सानगडीच्या. दामिनीने फोन केला की मागे ढोलकी ऐकू यायची आणि तो म्हणायचा, "येऊन राहिलो न वैनी." तो सोमवारी आला.

दामिनी रडत बसणारी नाही. तिने कोणत्या गावाची मंडई कधी हे विचारून भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा केल्या. पानावर पोचण्याचे दिवस दोनाने वाढवून लिहिले. श्रावणची वाट पाहणं बंद केलं आणि माल स्वतः ऑटोत घालून हायवेजवळच्या त्या बाजाराच्या गोदामात नेऊन देऊ लागली. वेळ वाचावा म्हणून तिने कामाची वाटणी केली. भांडं कागदात गुंडाळायचं, खोक्यात ठेवायचं, वजन करायचं, लेबल छापायचं, हे तिचं. खोकं बंद करून चिकटपट्टी लावायची, हे दुर्गाबाईंचं. दिवाळीनंतर ही वाटणी सुरू झाली.

आणि तरीही दुसरा शेरा लागला. चार-चार तांब्यांची तीन खोकी २२ नोव्हेंबरला वेळेत गोदामात पोचली, आणि तिथेच अडली. गोदामाचा कारभार टेकचंद पाहायचा. त्याच्या काट्यावर वजन लेबलपेक्षा जास्त भरलं. शंभर ग्रॅमपर्यंतचा फरक गोदाम सोडून देतं, त्यापुढे माल बाजूच्या कोपऱ्यात जातो. बंद खोकं फोडण्याचा अधिकार टेकचंदला नाही. नागपूरच्या मोठ्या गोदामाने वजन दुरुस्त करून माल पुढे सोडायला अकरा दिवस घेतले.

त्या अकरा दिवसांत मी जिन्याखालून दामिनीचं फोनवरचं बोलणं ऐकत होतो. ती टेकचंदला खोटारडा म्हणाली, चोर म्हणाली. तो तिला काय म्हणाला ते मला ऐकू आलं नाही, पण ती फोन आपटूनच ठेवायची. "सुटा तांब्या पाठवला तं बरोबर जाते," ती दुर्गाबाईंना म्हणायची, "मोठा माल पाहिला का त्याचा काटा बिघडते." मलाही ते पटलं. विजेच्या काट्यांबद्दल माझं मत काही चांगलं नव्हतं.

मग आली १४ डिसेंबरची मागणी. नाशिकच्या एका लग्नघराला चोवीस तांबे हवे होते. सहा खोकी, प्रत्येकात चार. गुरुवारी संध्याकाळी सहाच्या आत गोदामात नोंद होऊन गाडीत चढली नाहीत, तर तिसरा शेरा. दामिनीने सकाळीच माल पोचवला. दुपारी साडेतीनला टेकचंदचा फोन आला.

"वैनी, वजन पुन्हा चुकलं."

दामिनीने फोन ठेवला आणि सरळ जिन्याखाली आली. पोती उपसली. मला बाहेर ओढलं, ओल्या फडक्याने पुसलं, दांडीच्या सांध्यात मशिनीचं तेल सोडलं. नऊ वर्षांनी माझ्या चोची हलल्या आणि जुळल्या.

"चला आई," ती म्हणाली. "आज त्याचं तोंड बंद करतो."

दुर्गाबाई वजनांची पिशवी मांडीवर घेऊन ऑटोत बसल्या. मी दोघींच्या मधे. दामिनी वाटभर घड्याळाकडे पाहत होती. मी मात्र खूश होतो, हे कबूल करतो. मला लढाईला नेत होते.

गोदाम म्हणजे पत्र्याचं लांब छप्पर. दारातच टेकचंद खुर्चीवर बसला होता. पन्नाशीचा, कानात पेन खोचलेला.

"या वैनी," तो म्हणाला. "हे काय आनलं? भंगारवाला पलीकडल्या गल्लीत बसते."

"भंगार तुमचा काटा हाये," दामिनी म्हणाली. "महिन्यात दोनदा माह्या मालाचं वाटोळं केलं त्यानं."

"काटा वाटोळं नाई करत. लिहिणारा करते."

"मी लिहिताना डोळे उघडे ठेवतो. तुमच्यासारखं पेन कानात ठेवून नाई लिहित."

दोन हमाल काम सोडून जवळ आले. टेकचंद उठला, माझ्याजवळ उकिडवा बसला आणि अंगठ्याने माझ्या दांडीवरची मुद्रा घासून वाचली.

"दोन हजार चौदा!" तो हमालांकडे पाहत ओरडला. "अरे बापा! या काट्यानं कांदे तोलले तरी पोलीस नेईन. माह्या काट्याची मुद्रा पाहा, यंदाची हाये."

त्याच्या काट्यावर खरंच त्या सालची मुद्रा होती. दामिनीने ती वाचली आणि नजर वळवली नाही.

"मुद्रा जुनी असन. काटा खोटा नाई. माह्या सासऱ्याचा हाये."

"सासऱ्यानं लिहिलं होतं का लेबल?"

"टेकचंद, तोंड सांभाळ," दुर्गाबाई पहिल्यांदाच बोलल्या.

"सांभाळूनच बोलून राहिलो काकू. लावा काटा. सहाले गाडी जाते, मले भाषण आयकाले टाइम नाई."

मला जमिनीवर सपाट जागा पाहून ठेवलं. दामिनीने हमालांना रिकामा काटा दाखवला. चोची जुळल्या होत्या. मग डाव्या पारड्यात वजनं ठेवली: दोन किलो, पाचशे, दोनशे, दोनशे. लेबलवर लिहिलं होतं तेवढं, दोन किलो नऊशे ग्रॅम. उजव्या पारड्यात खोकं ठेवलं.

मला टेकचंदचा राग आला होता. त्याच्या लाल आकड्यांना सगळ्यांदेखत खोटं पाडावं असं मला मनापासून वाटत होतं. पण काट्याला जे वाटतं ते त्याच्या दांडीला कळत नाही. उजवं पारडं खाली गेलं.

दामिनीने डावीकडे शंभर ठेवलं. उजवं खालीच. ते काढून दोनशे ठेवलं. खालीच. आणखी पन्नास. माझ्या चोची समोरासमोर आल्या आणि थांबल्या.

तीन किलो दीडशे.

टेकचंदने तेच खोकं उचलून आपल्या काट्यावर ठेवलं. तीन किलो एकशे अठ्ठेचाळीस. दोन ग्रॅमचा फरक माझा असेल, म्हातारपणाचा.

"बोला," टेकचंद म्हणाला.

"दुसरं लावा."

सहाही खोकी लावली. कुठे दोनशे वीस जास्त, कुठे दोनशे साठ. एकही लेबलला धरून नाही. पंधरा वर्षं ज्या घराचं मीठ खाल्लं, त्या घराविरुद्ध मी सहा वेळा साक्ष दिली. हमाल हसायला लागले.

"आत काय भरलं हे तुमालेच मालूम," टेकचंद म्हणाला. "गोटे भरले का नवरदेवासाठी?"

दामिनीने त्याच्या टेबलावरचं पातं उचललं आणि एका खोक्याची चिकटपट्टी स्वतः फाडली. तांब्या बाहेर काढला, तोंडात कोंबलेला कागदाचा बोळा उपसला आणि तांब्या तळहातावर उपडा केला. पांढरे तांदूळ पडले. मूठभर. दुसऱ्यातूनही मूठभर. तिसऱ्यातून थोडे जास्त.

तिने मान वळवून सासूकडे पाहिलं. दुर्गाबाईंच्या चेहऱ्यावर लाज नव्हती.

"मंग?" त्या म्हणाल्या. "रिकामं भांडं देत असते काय कोणाच्या घरी? लग्नघर हाये ते."

मित्रांनो, हे मला माहीत असायला हवं होतं. बाबूलालच्या काळात गिऱ्हाईक निघालं की दुर्गाबाई आतून यायच्या आणि त्याच्या भांड्यात मूठभर तांदूळ टाकायच्या. पंधरा वर्षं मी ते पाहत होतो. पण ते वजन झाल्यानंतर व्हायचं, आणि वजन झाल्यानंतरचं मी कधी लक्षात ठेवलं नाही. सुट्या तांब्यातली एक मूठ शंभर ग्रॅमच्या आत बसून निघून गेली. चार तांब्यांतल्या चार मुठी बसल्या नाहीत.

"आई, अकरा दिवस माल तुमच्या मुठीनं अडला," दामिनी म्हणाली. "अन् मी या माणसाले शिव्या देत होती."

"दिल्या तं दिल्या. मूठच घातली, दगड नाई घातला."

"मले सांगाचं तरी!"

"तू मले कधी विचारलं?" दुर्गाबाईंचा आवाज चढला. "वजन तू करतं, लेबल तू लावतं, फोन तू करतं. मले म्हणतं, टेप मारा. मी टेप माराची मशीन हाव का? या दुकानातून चाळीस वर्षं एक भांडं रिकामं गेलं नाई."

"काकू," टेकचंद मधे बोलला, "भांडण घरी करा. पाच वाजून दहा मिनिटं झाली. लेबल छापल्यावर वजन इथं बदलता येत नाई. माल रद्द करा नाई तं तांदूळ काढा."

रद्द म्हणजे तिसरा शेरा. दामिनीने दुसऱ्या खोक्याला हात घातला. दुर्गाबाई त्याच्यावर बसल्या.

"माह्या हातून रिकामं जाणार नाई."

"मंग दुकान बंद होईन. तुलारामले तुम्हीच सांगा, उद्यापासून येऊ नको म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा."

दुर्गाबाई उठल्या नाहीत. दामिनी सरकली नाही. घड्याळात पाच वाजून चौदा मिनिटं झाली होती.

टेकचंदने कानातलं पेन काढून टेबलावर आपटलं. "पाच दाने ठेवा न काकू! आमच्या घरी पाचच ठेवते. पाच दान्यानं माहा काटा हालत नाई. उठा आता, माह्या जाग्यावर धरणं नका देऊ."

दुर्गाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. शत्रूच्या तोंडून आपली रीत ऐकायला मिळाल्याचं त्यांना बरं वाटलं की वाईट, हे माझ्या चोचींना सांगता येणार नाही. पण त्या उठल्या.

सहा खोकी फुटली. चोवीस तांबे वजनांच्या रिकाम्या पिशवीत उपडे झाले. दुर्गाबाई प्रत्येकात पाच दाणे मोजून टाकत होत्या. दामिनी कागदाचा बोळा कोंबून खोक्यात ठेवत होती आणि चिकटपट्टी ओढत होती.

"लवकर, आई."

"मोजून राहिली. चार पडले तं काय फायदा?"

"मूठ टाकताना मोजली नाई कधी."

"तू गप."

बंद झालेलं प्रत्येक खोकं आधी माझ्यावर आलं, मग टेकचंदच्या काट्यावर. दोन किलो नऊशे. दोन किलो नऊशे दहा. टेकचंदने मदतीला बोटही लावलं नाही. त्याने हमालांनाही लावू दिलं नाही. सहावं खोकं पाच वाजून त्रेपन्न मिनिटांनी त्याच्या काट्यावर चढलं, त्याने आकडा वाचला, नोंद केली आणि मान न उचलता म्हणाला, "गेलं."

सहाला निघायची ती गाडी सहा वीसला निघाली. ती चालवणारा श्रावण चहा प्यायला गेला होता. त्या वीस मिनिटांचा शेरा कुणावरही लागला नाही.

घरी येताना मी पुन्हा दोघींच्या मधे होतो. दुर्गाबाईंच्या मांडीवरच्या पिशवीत आता तांदूळ होते आणि वजनं दामिनीच्या पायाशी सुटी खणखणत होती. नऊ दिवस त्या एकमेकींशी बोलल्या नाहीत. जेवायला वाढलं जायचं, ताट उचललं जायचं, बोलणं नाही. मला मात्र जिन्याखाली परत नेलं नाही. माल बांधायच्या टेबलावर, दुर्गाबाईंच्या बाजूला ठेवलं.

दहाव्या दिवशी नाशिकहून अभिप्राय आला. पाचांपैकी तीन तारे. दामिनीने तो मोठ्याने वाचला. तोंड माझ्याकडे होतं, पण ऐकायचं कुणी ते सगळ्यांना कळत होतं.

"भांडी चांगली आहेत. वेळेत मिळाली. पण प्रत्येक तांब्यात तांदळाचे दाणे निघाले. भांडी आधी वापरलेली असावीत."

दुर्गाबाईंच्या हातातली चिकटपट्टी थांबली. "वापरलेली?" त्या म्हणाल्या. "लग्नघर हाये ना ते? अन् तांदूळ पाहून वापरलेली म्हणते?"

"त्यायले कसं समजन?" दामिनी म्हणाली. "तुम्ही मले नाई सांगितलं. मी त्यायले नाई सांगितलं."

नऊ दिवसांनंतरचं त्यांचं ते पहिलं बोलणं. गोड नव्हतं. दामिनी फोनवर बराच वेळ काहीतरी लिहीत बसली. मग तिने तो फोन सासूसमोर धरला आणि दुर्गाबाईंना दिसत नाही म्हणून वाचूनही दाखवलं. पानावर, माप आणि वजनाच्या खाली, एक नवी ओळ आली होती: "आमच्याकडे भांडं रिकामं देत नाहीत. आत तांदळाचे पाच दाणे असतील. ते दुर्गाबाईंनी मोजून ठेवले आहेत."

दुर्गाबाईंनी ती ओळ दोनदा वाचायला लावली. मग म्हणाल्या, "सहा केले तं चालन का?"

"पाच."

"बरं."

तिसरा शेरा लागला नाही. नव्वद दिवस उलटले, आधीचे दोनही गळून पडले. तुलारामची हातोडी चालू आहे. टेकचंद आणि दामिनी अजून एकमेकांना नमस्कार करत नाहीत. ती त्याला चोर म्हणाली होती, याबद्दल तिने माफी मागितलेली नाही. पाच दाण्यांची वाट दाखवल्याबद्दल त्याने कधी उपकार बोलून दाखवलेले नाहीत. मालात फरक निघत नाही, एवढाच त्यांचा संबंध.

तर मित्रांनो, माझ्यासारखा एखादा जुना काटा तुमच्या घरी जिन्याखाली पडला असेल, तर त्याला बाहेर काढा. पारडी पुसा, सांध्यात तेल सोडा, मुद्रा वेळेवर करून घ्या. त्याला सजावटीसाठी काचेच्या कपाटात ठेवू नका, कामाला लावा. आणि माल अडला, उशीर झाला, कुणाचा तरी दोष आहे असं वाटलं, तर गोदामाकडे बोट दाखवण्याआधी आपलं खोकं बंद करा, घरातल्या सगळ्यांचे हात त्यातून बाहेर निघालेत ना ते पाहा, आणि मग वजन करा. झाकण उघडं असताना केलेलं वजन हा नुसता अंदाज असतो. भांडायचं असेल तर खुशाल भांडा, पण तोलून भांडा.